मरतूक नसलेली शेड

मी सरकारी पशुवैद्यक. साक्री तालुक्यातल्या त्या कोंबड्यांच्या शेडवर सकाळी साडेसहाला पोचले, तर आबा फाटकाशीच उभे. हातात अंड्यांची वही. "मॅडम, कोंबड्या काई मरी नही रायन्यात. पन आंडा कमी व्हयनात."

आठ हजार लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्या. आठवड्यापूर्वी रोज 240 ट्रे निघायचे, आदल्या दिवशी 190. मरतूक मात्र रोजची दोन-तीन, नेहमीइतकीच.

किट चढवून आत गेले. तुरे लाल होते, पायावर रक्ताळलेले डाग नव्हते, म्हणजे मारक बर्ड फ्लूच्या खुणा दिसत नव्हत्या. पण पहाटेच्या शांततेत कान दिला तर पिंजऱ्यांच्या रांगेतून बारीक शिंका ऐकू येत होत्या. इथे एक, चार पिंजरे सोडून दुसरी. ट्रेमधलं एक अंडं उचललं. कवच फिकट, खरखरीत, अंगठा टेकताच आत दबलं. शेडमागे पाण्याची उघडी टाकी होती, पलीकडे पाझर तलाव. हिवाळा होता, तलावावर रानबदकं उतरलेली दिसत होती.

बाहेर आले तेव्हा आबांचा मुलगा म्हणाला, सहाशे जुन्या कोंबड्या विकल्यात, "गाडी तं दहाले येई रायनी." मी म्हटलं, गाडी थांबवा. त्याचा चेहरा उतरला. मेलेलं काहीच नसताना व्यवहार मोडायचा? त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आठ हजार कोंबड्यांच्या खाद्याचं बिल त्यालाच भरायचं होतं.

पण मी 2006 चं नवापूर पाहिलेलं आहे. 18 फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या खान्देशात निघाला. नोकरीत नवी होते, कोंबड्या मारून पुरणाऱ्या पथकात नेमणूक झाली. खड्डे, चुना, पांढऱ्या किटमध्ये घामाने चिंब झालेली माणसं. एका पाड्यावर आजी खुराड्याच्या दाराला पाठ लावून बसली होती. आत पाच गावरान कोंबड्या. ती ओरडली नाही, रडली नाही, नुसती उठेना. शेवटी तिच्या नातवाने तिला हाताला धरून उठवलं. पुढे 2021 मध्ये नवापुरात पुन्हा तेच घडलं, तेव्हाही मला तीच आजी आठवली.

नवापूरचा विषाणू आला तोच मारक होऊन. पण हे विषाणू मारक होतात कुठे, हे मला फार उशिरा, वाचून कळलं. रानबदकांच्या आतड्यांत ते बहुतेक वेळा सौम्यच असतात, बदकाला त्यांचा पत्ताही लागत नाही. जहाल होतात ते आपल्या शेडमध्ये, कोंबड्यांत आणि टर्कींत.

आबांच्या घरून चहा आणि भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा आल्या. मी एक शेंग मुलाच्या हातात दिली. म्हटलं, विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असतं, ते या शेंगेसारखं. फुटल्याशिवाय विषाणू पेशीत शिरू शकत नाही. सौम्य विषाणूची शेंग फोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, कोंबडीच्या श्वासनळीत आणि आतड्यातच असतात. म्हणून तो तिथेच राहतो, शिंका येतात, अंडी कमी होतात. पण बर्ड फ्लूच्या एच5 आणि एच7 या दोन जातींत विषाणू स्वतःच्या जनुकांची नक्कल करताना कधी कधी चूक होते. गणती करताना तोच ट्रे दोनदा मोजला जावा, तशी शेंग जिथे फुटते त्या शिवणीच्या जागची जनुकातली अक्षरं जादा पडतात. मग ती शिवण अशी होते की फ्युरिन नावाचं विकर तिला फोडू शकतं. आणि फ्युरिन शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. काळीज, मेंदू, मूत्रपिंड, सगळीकडे शेंगा फुटू लागतात. कोंबडी दोन-तीन दिवसांत जाते.

"बदकात मंग असं का नही व्हत?" त्याने विचारलं. प्रश्न नेमका होता. रानात बदक लगेच मेलं तर विषाणूला पुढे न्यायला कोणी उरत नाही. आपल्या शेडमध्ये पुढची कोंबडी वीतभर अंतरावर असते. पहिली मेली तरी त्याचं काही बिघडत नाही. आठ हजार कोंबड्या म्हणजे चूक करायच्या आठ हजार संधी, आणि जितके दिवस तो सौम्य रूपात फिरतो तितक्या त्या वाढतात.

त्याला पेनसिल्व्हेनियाचं सांगितलं. 1983 च्या एप्रिलमध्ये तिथे असाच एच5एन2 आला, सौम्य. ऑक्टोबरमध्ये तोच मारक झाला. तिथे बदलाची वाट थोडी निराळी होती: शिवणीवर साखरेच्या रेणूंचं झाकण होतं, तेच एका बदलाने गळून पडलं. त्या साथीत 1 कोटी 70 लाख पक्षी गेले. इटलीत 1999 मध्ये एच7एन1 मार्चपासून फिरत होता, डिसेंबरमध्ये उलटला.

त्याने शेंग फोडली, दाणे खाल्ले नाहीत, तसेच हातात धरून बसला. मग उठून व्यापाऱ्याला फोन लावला.

श्वासनळीचे आणि विष्ठामार्गाचे नमुने घेतले, बर्फाच्या पेटीतून पुण्याला रवाना केले, तिथून ते भोपाळला गेले. त्या दिवसांत रोज संध्याकाळी आबांचा फोन यायचा. फक्त दोन आकडे सांगायचे, ट्रे आणि मरतूक. मरतूक सहावर गेली त्या रात्री मला झोप लागली नाही.

आठव्या दिवशी अहवाल आला. एच5 नाही, एच7 नाही. एच9एन2 होता, बर्ड फ्लूचाच एक सौम्य प्रकार. आबांना सांगितलं तर पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मला हायसं वाटलं, पण पूर्ण नाही. एच9एन2 स्वतः सहसा असा उलटत नाही, पण आपली जनुकं दुसऱ्याला देतो. 2013 मध्ये चीनमध्ये माणसांना झालेल्या एच7एन9 ची आतली सहा जनुकं एच9एन2 कडूनच आली होती. तोही कोंबड्यांत सौम्य होता, चारेक वर्षं तसाच फिरला आणि मग त्याचं मारक रूप निघालं. एकाच कोंबडीत दोन विषाणू भेटू नयेत, यासाठी तलावाचं पाणी शेडपासून तोडणं भाग होतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा नमुने घ्यायला गेले. टाकीवर पत्रा बसवला होता, कडेने बारीक जाळी. दाराशी पाय बुडवायला चुन्याच्या निवळीचा उथळ हौद. मुलाने मला आधी त्यात पाय बुडवायला लावले, मगच कडी काढली.