छप्पन ए.पी.ओ.ची पोरं

पहिलीत असताना बाईंनी विचारलं होतं, "वडील कुठं असतात गं?" मी उभी राहून ठणकावून सांगितलं, "छप्पन ए.पी.ओ.ला." आई अंतर्देशीय पत्रावर पत्ता घालायची, त्यात आण्णांचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी 'द्वारा ५६ ए.पी.ओ.' एवढंच असायचं. तालुका नाही, जिल्हा नाही. मला वाटायचं, गावच एवढं मोठं असेल की त्याला जिल्हा लागत नाही. वर्ग हसला. त्यानंतर बरेच दिवस मी शाळेत वडिलांबद्दल अक्षर काढलं नाही.

त्याच वर्षी, १९९४च्या डिसेंबरात, आई मला पहिल्यांदा माजी सैनिकांच्या संघाच्या मेळाव्याला घेऊन गेली. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. इथं घरटी एखादा माणूस फौजेत असणं नवलाचं नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या तर नावालाच 'मिलिटरी' जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. आमच्या गावचा संघ लहानसाच. दरवर्षी १६ डिसेंबरला, विजय दिवसाला, शाळेच्या पटांगणात त्यांचा मेळावा भरायचा.

मंडपात भाषणं चालू होती. आम्हा लहानांना व्हरांड्यात सतरंजीवर बसवलं होतं. प्रत्येकाच्या पुढ्यात एक कोरं अंतर्देशीय पत्र आणि एक बॉलपेन. वडिलांना पत्र लिहायचं, एवढाच कार्यक्रम. मी शेजारच्या मुलाच्या पत्त्याकडं पाहिलं, तर छप्पन ए.पी.ओ. पलीकडच्या मुलीचं पाहिलं, तिचंही तेच. मी हरखून म्हटलं, "तुझे पण वडील तिथंच असतात?" ती म्हणाली, "हो की." इथं कुणीच हसलं नाही.

संघातले सुभेदार आबा मागं उभे होते. ते गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि त्यांनी आम्हांला समजावून सांगितलं, की हे गाव नव्हे, लष्करी डाकेचा नंबर आहे. पलटण कुठंही हलली तरी पत्र तिच्यामागं जातं आणि बाहेरच्या माणसाला तिचा ठावठिकाणा लागत नाही. पुढं एकदा आण्णांच्या पत्त्यात ५६ जाऊन ९९ आलं, तेव्हा मी धावत आबांकडं गेले. ते म्हणाले, "पूर्वेकडं गेली पलटण. आसामकडं. तिकडं पाऊस फार, पण धोका नाही." घरी येऊन मी हे आईला सांगितलं. तिनं चूल फुंकायची थांबवून मला ते दोनदा सांगायला लावलं.

मेळाव्याच्या जेवणाला संघातली माणसं 'बडाखाना' म्हणायची. फौजेतला शब्दच त्यांनी गावात आणला होता. पुरी, चण्याची भाजी, भात आणि सुजीचा हलवा. आमच्या घरी तोच पदार्थ शिरा असायचा, पण त्या दिवशी त्याला हलवाच म्हणायचं. लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, उमेदीची वर्षं घालवलेले एक काका कढईपाशी असायचे आणि कुणालाही झाऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. पलटणीत बडाखान्याला साहेबलोक जवानांना वाढतात. तीच रीत संघानं इथं धरली होती: पहिली पंगत बायकांची आणि पोरांची, वाढायला सगळे पेन्शनर. एरवी सगळ्यांच्या शेवटी, कढई खरवडून जेवणाऱ्या माझ्या आईला मिशीवाले सुभेदार वाकून "अजून एक पुरी घ्या, वहिनी" म्हणत वाढायचे. आई लाजायची, पण नको म्हणायची नाही. वर्षातून एक दिवस ती पहिल्या पंगतीला बसायची, ते दृश्य आजही डोळ्यांपुढं आलं की गळा भरून येतो.

जेवणं झाली की पोरं आबांभोवती गोळा व्हायची. आबा १९७१च्या युद्धात जंगी पलटणीत, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते. आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरची हकिगत ते दरवर्षी सांगायचे आणि आम्हांला ती तोंडपाठ होती. ब्रिगेडिअर क्लेर यांनी वेढ्यातल्या पाकिस्तानी कमांडरला शरण येण्याचं पत्र एका म्हाताऱ्या दूताच्या हाती पाठवलं. त्यानं उलट उत्तर धाडलं आणि त्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून दिली. इथं आबा खिशातून चुरगळलेला कागद काढायचे. गोळीच्या जागी त्यात लिमलेटची गोळी असायची आणि ती कुणाला मिळणार यावरून आमच्यात झोंबाझोंबी व्हायची. मग दुसऱ्या रात्री शत्रू शहरातून बाहेर पडायला निघाला, तो थेट आबांच्या पलटणीवर येऊन आदळला. "मग?" आम्ही विचारायचो. आबा म्हणायचे, "मग सकाळ झाली." त्यापुढं ते कधी गेले नाहीत.

हा झाला वर्षातला एक दिवस. पण त्या एका दिवशी ओळखीची झालेली माणसं उरलेले ३६४ दिवस दारात यायची, आणि मला वाटतं मेळाव्याचं खरं काम तेच होतं. शाळेतल्या एका अर्जावर वडिलांचीच सही हवी, आईची चालणार नाही, असं एकदा ऑफिसात सांगितलं गेलं. आई तशीच परत आली. दुसऱ्या दिवशी आबा टोपी घालून, छातीवर पदकं लावून शाळेत गेले. भांडले नाहीत. म्हणाले, "हिच्या बापाची सही आत्ता बर्फात आहे. आईची घ्या." घेतली.

१९९९चा उन्हाळा मला दिवसागणिक आठवतो. मी अकरा वर्षांची. कारगिलच्या बातम्या दूरदर्शनवर रोज, आणि गावातली चौदा-पंधरा माणसं त्या वेळी वरच्या भागात. मोबाइल नव्हता, एस.टी.डी. बूथवर रात्री रांग लागायची, पत्रं तीन-तीन आठवडे यायची नाहीत. सगळ्या घरांना भीती होती ती एकाच गोष्टीची, तारेची. पोस्टमन सायकलवरून गल्लीत वळला, की बायका दारातून आत जायच्या. जणू आत गेलं तर तो पुढं निघून जाईल.

संघानं काय करावं? पोस्टमनशी बोलून त्यांनी असं ठरवलं, की फौजीच्या घरची तार आली तर त्यानं आधी आबांना हाक मारायची आणि आबांनी त्याच्याबरोबर यायचं. आमच्याकडं तार आली ती जूनमधल्या एका दुपारी. पण त्या आधी आबांचा आवाज आला. ते वेशीपासूनच मोठमोठ्यानं ओरडत येत होते, "काही नाही गं सूनबाई, खुशालीची आहे! खुशालीची!" पूर्ण गल्लीला ऐकू जाईल असं. आण्णांनी फक्त 'ठीक आहे' एवढंच कळवलं होतं. आई उंबऱ्यातच मटकन खाली बसली. आबांनी तार तिच्या हातात न देता माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वाच. मोठ्यानं वाच." २०१३ साली तारखातं बंद झाल्याची बातमी वाचली, तेव्हा मला सगळ्यांत आधी आबांचा तो आवाज आठवला.

२६ जुलैला युद्ध संपलं. आमच्या गावचे सगळे परत आले. त्या डिसेंबरचा मेळावा गावानं दिवाळीसारखा केला.

पण सगळी वर्षं तशी नव्हती. संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००१च्या डिसेंबरात फौजा सीमेवर गेल्या आणि दहा महिने तिथंच उभ्या राहिल्या. लढाई झाली नाही. तरी सुरुंग पेरताना आणि काढताना माणसं गेली. माझ्याच वर्गातल्या एका मुलाचे वडील तसेच गेले. लोक भेटायला यायचे आणि विचारायचे, "पण युद्ध कुठं झालं?" चौदा वर्षांचा तो मुलगा प्रत्येकाला पहिल्यापासून समजावून सांगत बसायचा.

त्या वर्षीच्या मेळाव्यात संघाकडून एक चूक झाली. ती मी सांगते आहे, कारण नंतर ती त्यांनी ज्या तऱ्हेनं सुधारली ते मला फार मोलाचं वाटतं. त्याला आणि त्याच्या आईला व्यासपीठावर बोलावलं. शाल, श्रीफळ, साडी. पाहुण्यांनी अर्धा तास भाषण केलं आणि मधूनमधून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. फोटो निघाले. तो ताठ उभा होता. खाली उतरला तो सरळ शाळेच्या मागं, पाण्याच्या टाकीकडं गेला. आम्ही पोरं बघत होतो, जायचं धाडस कुणाला झालं नाही. आबा गेले. बराच वेळ दोघं तिथं होते. काय बोलणं झालं ते आम्हांला कळलं नाही, पण पुढं अनेक वर्षांनी त्या मुलानंच मला सांगितलं, की त्यानं आबांना विचारलं, 'त्या रात्री काय झालं होतं?' आणि आबांनी त्याला जमालपूरची ती रात्र सांगितली. सगळी. ती हकिगत त्यांनी आयुष्यात तेवढी एकदाच सांगितली असावी.

पुढच्या वर्षापासून आमच्या मेळाव्यात मुलांना व्यासपीठावर उभं करणं बंद झालं. वीरमाता-वीरपत्नींनाही आधी घरी जाऊन विचारायचं, आणि त्या म्हणतील तसं करायचं, असं ठरलं. मार्कांची बक्षिसं राहिली, पण ती सगळ्यांना एकाच रांगेत. त्या मुलाला आबांनी झेंड्याच्या दोरीचं काम दिलं: आदल्या संध्याकाळी घडी घालायची, फुलं भरायची, गाठ बांधायची. "गाठ चुकली तर माझी इज्जत जाईल," एवढंच म्हणाले. त्याची गाठ कधी चुकली नाही.

मंडपाच्या कडेला लिंबाखाली एक टेबल असायचं. लहानपणी मी त्याच्याकडं कधी पाहिलं नाही, आणि आज मला तेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तिथं बाबूनाना बसायचे. फौजेत ते क्लार्क होते. बायका पिशवीतून डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पी.पी.ओ. म्हणजे मंजुरीचा कागद, रेशनकार्ड काढून त्यांच्यापुढं ठेवायच्या आणि नाना एकच गोष्ट बघायचे: नावं जुळतात का. आपल्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात. जवान पलटणीत 'पार्ट टू ऑर्डर', म्हणजे घरच्यांची नोंद, करताना घाईत तिचं माहेरचं नाव सांगून मोकळा होतो. शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. नवरा असेपर्यंत काही अडत नाही. तो गेला, की कुटुंब निवृत्तिवेतन त्या एका नावावर अडून बसतं आणि दुःखात बुडालेली बाई प्रतिज्ञापत्रं करत तालुक्याला हेलपाटे घालते. नानांचं म्हणणं असायचं, की हे काम माणूस जिवंत असताना, तो सुट्टीवर आला असताना, हसतखेळत उरकून घ्यायचं. माझ्या आईचंही नाव कागदोपत्री दोन तऱ्हांनी होतं. आण्णा पेन्शनवर येण्याआधी दोन वर्षं नानांनी ते दुरुस्त करून घेतलं. मुलांची जन्मतारीख, तिसऱ्या मुलाची नोंद, नोव्हेंबरात राहून गेलेला हयातीचा दाखला, सगळं त्या लिंबाखाली.

माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या घरचे कागदही तिथंच मार्गी लागले. मृत्यू कोणत्या वर्गात नोंदला गेला यावर पेन्शनचा दर ठरतो, हे त्याच्या आईला कोण सांगणार होतं? नाना तिच्याबरोबर साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किती वेळा गेले याची मोजदाद नाही. एस.टी.चं तिकीट स्वतःच्या खिशातून काढायचे. २००६ साली माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती सुरू झाली, तीही गावाला कळली ती नानांच्या तोंडून. आज ती व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये आहे. हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना मिळणारी शिक्षणाची मदतही २०२५च्या नोव्हेंबरापासून महिना १,००० वरून २,००० झाली. पैसे असतात, पण अर्ज कुठं आणि केव्हा करायचा, हे सांगणारं माणूस हवं असतं.

७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला लाल, गडद निळ्या आणि फिकट निळ्या पट्ट्यांचे कागदी झेंडे घेऊन आम्ही बाजारात फिरायचो, आणि कराडला स्टेडियमवरचा विजय दिवस समारोह पाहायला संघ आम्हांला टेम्पोत बसवून न्यायचा, ते सगळंही लख्ख आठवतं.

आबा आता नाहीत. नानाही नाहीत. लिंबाखालच्या टेबलावर गेली सहा वर्षं मी बसते. शाळेत शिकवते, फौजेत नव्हते, पण नानांच्या दोन वह्या माझ्याकडं आहेत. आता पेन्शनची कामं संगणकावर होतात, त्यामुळं लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र आणावं लागतं. नावं मात्र अजून जुळत नाहीत. यंदा अग्निवीर झालेल्या एका मुलाची आई आली होती. चार वर्षांनी पुढं काय, हे ती मला विचारत होती, आणि तिच्यासाठी सगळी माहिती काढायला मला पुढचे दोन रविवार लागले. झेंड्याची दोरी अजून माझा वर्गमित्रच बांधतो. तो आता एस.टी.त कंडक्टर आहे, १६ डिसेंबरची रजा महिनाभर आधी टाकतो, आणि शाळेतल्या दोन पोरांना गाठ शिकवतो.

व्हरांड्यातली सतरंजी आम्ही बंद केली नाही. वडील रोज व्हिडिओ कॉलवर दिसतात, तरी पोस्टातून अंतर्देशीय पत्रं आणून ठेवतो. गेल्या डिसेंबरात सहा-सात वर्षांचा एक मुलगा पत्र घेऊन माझ्याकडं आला. मजकूर लिहून झाला होता, पत्त्याची जागा कोरी होती. आईनं दिलेल्या चिठ्ठीवरून मी त्याला एकेक ओळ सांगत गेले. शेवटची ओळ आली तेव्हा त्यानं मान वर करून विचारलं, "हे कुठलं गाव?"

मी काही सांगायच्या आत शेजारी बसलेली मुलगी पेन थांबवून म्हणाली, "माझे पप्पा पण तिथंच असतात." त्यानं तिचं पत्र पाहिलं, मग स्वतःचं, आणि सतरंजीवरून सरकत सरकत तो तिच्याजवळ जाऊन बसला.