बापाच्या फोनला पोराची परवानगी

अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. संगणकाचा तासही माझ्याकडेच असतो. गेल्या हंगामात नववीला मी फोनमधल्या खासगी माहितीबद्दल शिकवत होते. एक तास फक्त परवानग्यांवर घेतला. नवं ॲप टाकलं की ते विचारतं: कॅमेरा वापरू? संपर्क बघू? मेसेज वाचू? मुलांना मी एकच सवय लावत होते, 'हो' दाबण्याआधी विचारायचं की या कामाला हे कशाला लागतं. बॅटरीच्या ॲपला आपले मेसेज कशाला वाचायचेत?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी फाटकाजवळ गलका झाला. कापूस वेचणीचे दिवस होते, निम्मा वर्ग शेतात. नववीतला एक मुलगा फोन छातीशी धरून उभा होता आणि शिपाईभाऊ तो काढून घेत होते, कारण शाळेत फोन आणायला बंदी आहे. मुलगा सोडेना. "मॅडमले दाखाडनं शे," एवढंच म्हणत होता. मी दोघांना प्रयोगशाळेत घेऊन आले. दार लावलं तसा तो रडायला लागला.

आदल्या रात्री मावशीच्या यजमानांच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर मेसेज आला होता: पीएम किसानचा हप्ता अडकलाय, आजच केवायसी करा. खाली एक एपीके फाईल, म्हणजे प्ले स्टोअरशिवाय थेट फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल. घरात स्मार्टफोन एकच, वडिलांचा. पण तो चालवतो मुलगा, कारण वडिलांना बारीक अक्षर दिसत नाही आणि आईला वाचता येत नाही. वर्षाला 6,000 रुपये, 2,000 च्या तीन हप्त्यांत; त्या हप्त्याची घरात किती वाट बघतात हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. मेसेज नात्यातला, नाव ओळखीचं. त्याने फाईल उघडली. फोनने इशारा दिला, तो ओलांडला. ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, ती दिली. मग अर्ज आला, त्यात आधार क्रमांक, खाते क्रमांक, एटीएम कार्डावरचे आकडे आणि तारीख भरली. 'पाठवा' दाबलं आणि ॲपचं चित्रच स्क्रीनवरून गायब झालं.

"तव्हय माले आठवनं मॅडम," तो म्हणाला. रात्रभर जागा होता. पहाटे 5,000 रुपये गेल्याचा मेसेज आला. खात्यात कापसाचे पैसे पडलेले होते, दोनच दिवसांपूर्वीचे.

आधी फोनचं इंटरनेट बंद केलं, मग सिम काढलं. असं ॲप मेसेज गुपचूप पुढे पाठवतं, त्यामुळे ओटीपी आपल्याला दिसायच्या आधी चोराच्या हाती असतो. कधी ते आपल्याच संपर्क यादीतल्या लोकांना तीच फाईल पाठवत सुटतं. मावशीच्या घरून आलेला मेसेज मावशीच्या घरच्यांनी लिहिलेला नव्हता, तो असाच आला होता. सिम आमच्या लिपिकांच्या बटणांच्या फोनमध्ये घातलं, म्हणजे बँकेचे मेसेज तिथे येतील आणि तिथून पुढे जाणार नाहीत. मग माझ्या फोनवरून 1930 लावला. हा आर्थिक सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तिथे बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात. म्हणून पैसे गेल्याचा मेसेज पुसायचा नसतो. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त.

तेवढ्यात वडील शेतातून मोटारसायकलवर आले. अंगावर कापसाचे तंतू तसेच. मुलगा माझ्या मागे सरकला. मला त्या क्षणी पैशांपेक्षा याचीच काळजी होती. मी त्यांना आधीच सांगितलं, की याला रागावू नका. याने लपवलं असतं तर सगळंच गेलं असतं. ते खुर्चीवर बसले, बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "रागावू कसाले? त्यानी सांगं म्हनीसन तं कळनं." मला फार बरं वाटलं, ते खरंच सांगते. कारण आमच्याकडे बहुतेक घरांत पहिली शिक्षा फोन काढून घेण्याची असते, आणि मुलगी असेल तर शाळाही धोक्यात येते. कुणी तिचा फोटो बिघडवून धमकावत असेल तरी ती गप्प बसते, ते याच भीतीने. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मी प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवलाय, पण घरात सांगायची सोय नसेल तर तो क्रमांक लावायलाही हात धजत नाही.

वडील तिथूनच बँकेत गेले. शाखेने खात्यातून पैसे काढणं थांबवलं, कार्ड बंद केलं. बाकीचे पैसे वाचले.

दुपारी वडिलांना आणि मुलाला विचारून मी नववीत हाच विषय घेतला, नाव न घेता. फसवणुकीची गोष्ट दहा मिनिटांत संपली. मग मी विचारलं, तुमच्या घरच्या फोनच्या गॅलरीत काय काय आहे? उत्तरं येत गेली आणि मी फळ्यावर लिहीत गेले. सगळ्यांची आधार कार्डं, दोन्ही बाजू. पासबुकाचं पहिलं पान. सातबारा. जातीचा दाखला. आजीची औषधाची चिठ्ठी. एक मुलगी म्हणाली, "ताईचा बायोडाटा." त्यात जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, शेती किती, मामाचं गाव आणि वडिलांचा नंबर. तो बायोडाटा किती ग्रुपवर गेलाय हे तिला सांगता येईना. अख्खं घर त्या एका गॅलरीत होतं, आणि त्याच्या दाराशी चौदा वर्षांचं पोर बसलेलं.

शहरातल्या मुलांसाठी तयार झालेले धडे इन्स्टाग्राम आणि गेमपासून सुरू होतात. तेही लागतं, पण इथे सुरुवात घरच्या कागदांपासून करायला हवी, असं माझं ठाम मत आहे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. आमच्या गावात पालकांच्या माहितीला संमती देणारं बोट मुलाचं असतं. अर्ज तोच भरतो, ओटीपी तोच सांगतो, 'मी सहमत आहे' वर खूण तोच करतो. एवढी जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला आपण फक्त 'फोन कमी बघ' सांगून मोकळे होतो, हे मला पटत नाही.

म्हणून आता माझे तास तसेच असतात. व्हॉट्सॲपवरून आलेली एपीके कुणाचीही असो, उघडायची नाही. सरकारी ॲप हवं तर प्ले स्टोअरवरून, तेही बनवणाऱ्याचं नाव वाचून. आधारची प्रत द्यायची तर शक्य तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारी. सेटिंगमध्ये जाऊन मेसेज वाचायची परवानगी कोणकोणत्या ॲपला आहे ते मुलं घरी बघतात आणि वहीत लिहून आणतात. शिष्यवृत्तीसाठी मुलांचे आधार आणि खाते क्रमांक वर्गाच्या ग्रुपवर मागवणं आम्ही शिक्षकांनी ठरवून बंद केलं. कागद हातात घेतो.

त्या घरी बँकेचं सिम आता बटणांच्या फोनमध्ये असतं. स्मार्टफोन सगळा पुसून नव्याने सुरू केला, त्यात दुसरं सिम आहे. पाच हजार अजून परत आलेले नाहीत. तक्रारीचा क्रमांक मुलाने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलाय, आणि तक्रारीचं काय झालं ते दर सोमवारी तो संकेतस्थळावर स्वतः बघतो.