सहावे पाते

ग्रेनेडाच्या दक्षिण किनाऱ्यावर प्रिक्ली बे येथे आमची ३८ फुटी शिडाची बोट जूनपासून नांगरून उभी आहे. कॅरिबियनमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानतात, आणि या काळात बोट दक्षिणेकडे नेऊन ठेवावी असा बहुतेक विमा कंपन्यांचा आग्रह असल्यामुळे साधारण १२ अंश उत्तर अक्षांशावरील या बेटाभोवती दर वर्षी देशोदेशींच्या बोटी गोळा होतात. दक्षिणेला आले की वादळ टळलेच असे मात्र नव्हे. २००४ साली इव्हान वादळाने याच बेटावरील जायफळाच्या बागा आडव्या केल्या, आणि १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळ ग्रेनेडाच्याच कॅरिआकू बेटावर आदळले तेव्हा तिवरांच्या आडोशाला सुरक्षित म्हणून बांधलेल्या बोटीही एकमेकींवर फेकल्या गेल्या. त्यामुळे इथला प्रत्येक जण दिवसातून निदान दोनदा हवामानाचा अंदाज पाहतो आणि उरलेला वेळ बोटीच्या कामात घालवतो.

माझे बालपण हर्णैला गेले. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारल्या जात, आणि त्यांच्या आडोशाला बसून माणसे जाळी सांधत. गावातल्या सोयरिकी तिथेच जुळत आणि सगळ्या बातम्याही शेजाऱ्याच्या फाटलेल्या जाळ्याला हात लावता लावता तिथेच कळत. बोटीवर राहायला आल्यापासून मला त्या आडोशाची रोज आठवण येते, कारण इथेही काम आणि ओळखीपाळखी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

आमचीच गोष्ट सांगते. जूनमध्ये इथे शिरताना इंजिनाचा आवाज अचानक बदलला. बोटीचे डिझेल इंजिन समुद्राचे पाणी पंपाने आत ओढून थंड ठेवले जाते आणि तेच पाणी धुराबरोबर मागच्या नळीतून गुळण्या टाकल्यासारखे बाहेर पडते. त्या गुळण्या थांबल्या, आवाज कोरडा झाला आणि नळीतून वाफ येऊ लागली. तापमानाचा भोंगा वाजण्याआधीच मी इंजिन बंद केले, यजमानांनी पुढचे शीड पुन्हा उघडले आणि पूर्वेच्या वाऱ्यावर, प्रवाळाचा खडक डाव्या हाताला ठेवत, आम्ही सगळ्या बोटींच्या बाहेरच्या अंगाला नांगर टाकला. गर्दीच्या ठिकाणी जी बोट शिडावर येऊन नांगर टाकते तिचे इंजिन बिघडलेले असणार, हे ओळखून दहा मिनिटांत शेजारच्या बोटीवरचे कॅनडाचे एक निवृत्त शिक्षक छोट्या होडीतून हत्यारांची पेटी घेऊन आले. नाव-गाव विचारण्याआधी त्यांनी पंप कोणत्या बनावटीचा आहे ते विचारले.

पंपाचे झाकण काढले तेव्हा आतल्या रबरी इंपेलरला, म्हणजे फिरून पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाला, एकच पाते उरलेले दिसले. बाकीची पाच तुटून पुढे गेली होती. नवा इंपेलर बसवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, पण तुटलेले तुकडे सापडल्याशिवाय ते काम पुरे होत नाही, कारण एखादा तुकडा पुढे अडकला तर पाण्याची वाट अडते आणि इंजिन पुन्हा तापते. आम्ही एका स्टीलच्या ताटलीत तुकडे मांडत गेलो. पंपाच्या तोंडाशी दोन मिळाले, नळीत दोन मिळाले, आणि जुन्या इंपेलरवरचे धरून पाच झाले. सहाव्या पात्यासाठी दोन तास गेले. उष्णता काढून घेणाऱ्या नळकांड्याच्या तोंडाशी, नळीच्या वळणात ते नखाएवढे काळे रबर आडवे बसले होते. शिक्षकांनी ते चिमट्याने काढून ताटलीत ठेवले आणि मगच आम्ही चहा घेतला. नव्या इंपेलरला ग्रीस लावायचे नसते, खनिज तेलाने रबर फुगते, म्हणून ग्लिसरीन लावावे, हे त्यांनीच शिकवले आणि आपली बाटली आमच्याकडे ठेवून गेले.

इथे रोज सकाळी रेडिओवर ठरलेल्या वेळी सगळ्या बोटी एकत्र येतात. आधी हवामान, मग नव्याने आलेल्यांचे स्वागत, निघालेल्यांना निरोप आणि कोणाला काय हवे, कोणाकडे काय जास्तीचे आहे याची विचारपूस. पहिल्या आठवड्यातच मी सांगितले की माझ्याकडे शिलाई यंत्र आहे. उष्ण कटिबंधातल्या उन्हात शिडावरच्या आच्छादनाचे कापड टिकते पण टाके आधी कुजतात, त्यामुळे मला कामाची कमतरता पडली नाही. एकट्याने फिरणाऱ्या एका फ्रेंच गृहस्थांचे आच्छादन मी नव्या दोऱ्याने शिवले. आपल्या बोटीचा तळ खरवडायला पाण्यात उतरले की ते आमच्याही बोटीला पुढे ढकलणारा पाण्याखालचा पंखा बघून येतात, त्यावर चिकटलेली बार्नॅकल ही कवचाची जीवजात काढतात आणि दांड्यावरचा जस्ताचा तुकडा किती उरला ते बोटांनी दाखवतात. हे जस्त स्वतः झिजून पंख्याचे कांसे वाचवते, म्हणून निम्मे झिजले की बदलायचे. या देवघेवीत पैशाचा विषय निघत नाही, आणि तो निघू नये असे मला मनापासून वाटते.

संध्याकाळी किनाऱ्यावर जमायचे असते तेव्हा प्रत्येकाने आपली ताटली, आपला पेला आणि एक पदार्थ आणायचा. ग्रेनेडाच्या बाजारात नीरफणस ढीगाने मिळतो, इथल्या ऑइल डाउन या एका भांड्यात नारळाच्या दुधात शिजवलेल्या पदार्थाचा तो मुख्य घटक आहे. मी त्याची आपल्याकडची कापे केली. मीठ, हळद, तिखट लावून तांदळाच्या पिठात घोळवली आणि तव्यावर खरपूस भाजली. बाजारात नीरफणस विकणाऱ्या बाईंना दुसऱ्या दिवशी चार कापे नेऊन दिली, तेव्हा त्यांनी पीठ कोणते ते दोनदा विचारले आणि नीरफणस देठाजवळ चीक सुकलेला पाहून घ्यावा असे सांगितले.

नोव्हेंबर संपत आला की ही वस्ती पांगते. शिक्षक आणि त्यांच्या पत्नी पनामाकडे जाणार आहेत, आम्ही उत्तरेला. जाण्याआधी दोघांच्या सुट्या भागांच्या याद्या आम्ही समोरासमोर ठेवून तपासल्या. आमच्या इंजिनावरील फळीच्या आतल्या बाजूला मी इंपेलरचा क्रमांक, बदलल्याची तारीख आणि पात्यांची संख्या लिहून ठेवली आहे. त्याखाली त्यांच्या बोटीचे नाव आहे, कारण त्यांचाही पंप त्याच बनावटीचा निघाला आणि त्यांच्या पेटीतले दोन इंपेलर आता एक त्यांच्याकडे, एक आमच्याकडे असे आहेत.