दसऱ्यानंतरचा डोह

माझी लेक पोहायला शिकली ती निळ्या फरशीच्या तलावात. पाणी किती खोल आहे ते भिंतीवर लिहिलेलं, तळ दिसणारा, शिट्टी फुंकणारे सर. दोन उन्हाळे गेले आणि ती छान पोहू लागली. मग एक दिवस तिनं विचारलं, "आई, तू कुठं शिकलीस?" मी म्हटलं, विहिरीत. आजोबांनी पाठीला वाळलेला भोपळा बांधला होता आणि दोर हातात धरून ते कडेला उभे होते. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग मला तसलं पाणी दाखव."

आजोळची विहीर आता पोहण्यासारखी राहिली नाही. मोटारीचे पाईप, केबल, खाली उतरायला लोखंडी शिडी. पण त्याच गावाच्या ओढ्यावर एक डोह आहे. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या रांगेत. लहानपणी मी तो फक्त काठावरून पाहिला होता, कारण डोहात मुलं पोहायची आणि मुलींनी धुणं घेऊन जायचं. गावाचं नाव इथं लिहीत नाही. मामाला तसा शब्द दिला आहे.

जुलैमध्ये मामाला फोन केला. मला वाटलं होतं, पुढच्या रविवारी जाऊन येऊ. मामा म्हणाले, "बाई, आता न्हाई. हत्ती बरसून जाऊ दे. दसरा झाला की बगू."

हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र. सप्टेंबरच्या शेवटापासून साधारण दहा ऑक्टोबरपर्यंतचा पाऊस. आमच्याकडे हा पाऊस अनेकदा दुपारनंतर येतो, ढग गडगडत, एका शिवारात ओतून शेजारच्या शिवाराला कोरडं ठेवून. डोहाशी ऊन असतं आणि वरच्या डोंगरात तासभर पाऊस कोसळलेला असतो. उघड्या खडकावरून ते पाणी मुरायला थांबत नाही, सरळ ओढ्याला येतं. काठावर बसलेल्या माणसाला आधी पाण्याचा रंग बदललेला दिसतो, मग काड्या-पाला वाहत येतो, आणि त्यानंतर पाय काढायला फार वेळ उरत नाही. मामांनी हे फोनवर अगदी शांतपणे सांगितलं. ते ऐकून मी कॅलेंडर काढलं आणि जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर तिन्ही महिने सोडून दिले.

उशीर करूनही चालत नाही. दिवाळीनंतर ज्वारी-हरभऱ्याला पाणी द्यायला ओढ्यावर मोटारी बसतात आणि डोह हाताहातानं खाली जातो. होळीला तिथं म्हशी बसतात. म्हणजे दसरा आणि दिवाळी यांच्या मधले दोन-तीन रविवार, एवढीच मुदत. त्यातही सोयाबीनची रास चालू असते. मामांच्या शेतात हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, कधी येणार, यावर आमची सहल ठरणार होती, आणि मला ते योग्यच वाटलं. डोह ज्याला माहीत आहे तो माणूस काठावर नसेल तर मी लेकीला त्या पाण्यात सोडणार नव्हते.

सौताड्याला का नाही, असं बहिणीनं विचारलं. सौताड्याचा धबधबा त्याच तालुक्यात आहे. विंचरणा नदी तिथं कड्यावरून खाली पडते, तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे. पावसाळ्यात ते दृश्य पाहावंच. पण धबधब्याखाली पोहणं मला पटत नाही. पडणारं पाणी माणसाला खाली दाबतं आणि घुसळतं, त्यात हवेचा फेस एवढा असतो की अंग वर धरून ठेवणारं घट्ट पाणीच मिळत नाही. शिवाय वरून दगड सुटतात. आणि पावसाळ्यातल्या रविवारी तिथं शांतता कुठून मिळणार?

पहिला ठरलेला रविवार फुकट गेला. दसरा होऊन तीन दिवस झाले होते. पहाटे उठून धपाटे केले, दह्याचा डबा, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदे भरले. बीडमधून निघून सोलापूरच्या रस्त्यानं मांजरसुंब्यापर्यंत पोचलो, जिथून पाटोद्याकडं वळायचं, तोच मामांचा फोन. "येऊ नका. वरच्या अंगाला आभाळ आलंय." आमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन होतं. भाचा रडकुंडीला आला. मी गाडी वळवली.

परतताना लेकीला म्हटलं, चल, तुला दुसरं पाणी दाखवते. बीडच्या अलीकडं, त्याच रस्त्याच्या जवळ खजाना विहीर आहे. निजामशाहीच्या काळात बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं ती बांधवून घेतली. प्रचंड गोल विहीर, आणि तिला जमिनीखालून बोगदे. दोन बोगद्यांतून पाणी आत येतं आणि तिसऱ्यातून बाहेर, खालच्या शेतांकडं जातं. ना मोट, ना मोटार. फक्त जमिनीचा उतार ओळखून केलेलं काम, आणि चारशेहून जास्त वर्षांनंतरही लोक त्याकडं आदरानं पाहतात. आम्ही तिथं वरून वाकून पाणी पाहिलं, जवळच्या झाडाखाली धपाटे खाल्ले. लेक बराच वेळ त्या बोगद्यांच्या तोंडांकडं बघत होती. "हे पाणी येतं कुठून?" तिनं विचारलं. डोंगराच्या पोटातून, मी म्हटलं. हा रविवार वाया गेला असं नंतर मला कधी वाटलं नाही. संध्याकाळी मामांचा फोन आला की ओढ्याला दुपारी गुडघाभर गढूळ पाणी चढलं होतं.

त्यानंतरचे दोन रविवार मोकळे होते. एक राशीत गेला. दुसऱ्याच्या आदल्या रात्री मामा म्हणाले, "पाणी निवळ झालंय. उथळाला तळाचा गोटा दिसायलाय. या."

सामान या वेळी जास्त विचारानं भरलं. पाच लिटरचे तेलाचे रिकामे डबे चार, झाकणं घट्ट बसणारे, दोन-दोन जोडून बांधलेले. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब. पन्नास फूट नायलॉनचा दोर. जुने कॅनव्हासचे बूट, कारण शेवाळलेल्या खडकावर अनवाणी पाय टिकत नाही. कपड्यांचं मी बहिणीला मुद्दाम सांगितलं: सलवार आणि ओढणी पाण्यात फुगते, पायात अडकते, खाली ओढते. अंगाबरोबर बसणारी पँट आणि टीशर्ट. आमच्याकडच्या बाया नदीत उतरतात त्या पूर्ण साडीनिशी, आणि बुडताना साडीच त्यांचा घात करते. हे एकदा स्पष्ट बोलायला हवं, म्हणून लिहिते आहे. साबण आणि शाम्पू मात्र घरीच ठेवले.

साबणाचं कारण लेकीला वाटेत सांगितलं. हा ओढा पुढं मांजरेला मिळतो. मांजरा याच पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते, धनेगावच्या धरणात अडते, मग लातूरकडून कर्नाटक, तेलंगण करत गोदावरीला जाते. सौताड्याची विंचरणा मात्र डोंगराच्या पलीकडच्या उतारानं सीनेला मिळते, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. एकाच तालुक्यात पडलेला पाऊस, अर्धा गोदावरीचा, अर्धा कृष्णेचा. धनेगावचं पाणी लातूर पितं. ते धरण आटलं आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा आम्ही लातूरलाच राहत होतो. लेक अगदी लहान होती. तिला परातीत बसवून दोन तांब्यांत अंघोळ घालायची आणि परातीतलं पाणी फरशी पुसायला ठेवायचं. तिला त्यातलं काही आठवत नाही. मला ती परात आठवते.

मांजरसुंब्याहून पाटोद्याचा रस्ता डोंगरातून जातो. जवळच नायगावचं मयूर अभयारण्य आहे, सकाळी लवकर गेलं तर रस्त्याकडेच्या शेतात मोर दिसतात. आम्हाला दोन लांडोरी दिसल्या, सोयाबीनच्या काढलेल्या रानात दाणे टिपत. कपिलधारेला मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन घ्यायचं होतं, पण मामा वाट पाहत होते, म्हणून हात जोडून पुढं गेलो.

डोहाशी पोचायला गावातून वीस मिनिटं चालावं लागतं. दोन्ही बाजूंना निरगुडी, मग करंज, मग एक मोठा उंबर, आणि त्याच्या पुढं जमीन एकदम खाली जाते. वर काळ्या पाषाणाची सपाट पायरी आहे, तिच्यावरून ओढा पावसाळ्यात खाली पडतो. खालचा थर मऊ आहे, तो पडत्या पाण्यानं वर्षानुवर्षं खणला गेला, आणि हा डोह तयार झाला. पायरीच्या कडेला छोटे रांजणखळगे आहेत, पुरात गोटे गरगर फिरून पडलेले. त्यातल्या एकात पाणी होतं, पाण्यात एक बेडूक आणि तो खळगा कोरणारा गोल गुळगुळीत गोटा अजून तसाच. ऑक्टोबरात वरून पडणारी धार अंगठ्याएवढी राहिली होती. डोह हिरवा, स्थिर. एक खंड्या समोरच्या फांदीवरून सूर मारून मासोळी घेऊन गेला.

काठावर उंबराच्या मुळाशी शेंदूर लावलेले सात दगड आहेत. साती आसरा, पाण्याच्या देवता. मामींनी आधी त्यांना हळद-कुंकू वाहिलं, खण ठेवला, नारळ फोडला. लहानपणी आम्हाला सांगायचे की आसरा पोरांना खाली ओढून नेतात, आणि त्या भीतीनं आम्ही कधी खोल कडेला गेलो नाही. आज मला वाटतं, ज्या पाण्यात माणूस बुडू शकतो तिथं सात दगड मांडणारे लोक शहाणे होते. मीही हात जोडले.

मग मामांनी दोर काढला. साधा सुताचा, एका टोकाला दगड, आणि हातभर अंतरावर गाठी. ते पायरीवर बसले आणि डोहात पाच ठिकाणी दगड सोडला. मधोमध साडेसात हात. पायरीखाली नऊ. उजव्या कडेला तीन हात, आणि तिथून तळ हळूहळू वर येतो. "मागल्या साली हितं दीड परस होतं. औंदा गाळ आलाय," ते म्हणाले. परस म्हणजे पुरुषभर खोली. डाव्या कडेला पुरात अडकलेलं एक बाभळीचं खोड होतं, वरून अजिबात न दिसणारं. दोराचा दगड त्याच्यावर टक्‌ करून थांबला, तेव्हा कळलं. मामांनी तिथं काठी रोवून तिला लाल चिंधी बांधली. "ह्याच्या पलीकडं कुणी जायचं न्हाई. आन्‌ वरून उडी कुणीच मारायची न्हाई." भाच्यानं तोंड वाकडं केलं, पण त्या खोडावर आपटलेल्या दगडाचा आवाज त्यानंही ऐकला होता.

पहिल्यांदा मी उतरले. वरचं हातभर पाणी उन्हानं कोमट, त्याखाली पाय गेले की एकदम थंडगार, जणू दुसरंच पाणी. मी डोळे मिटून दोन्हीमध्ये थोडा वेळ उभी तरंगत राहिले. इतक्या वर्षांनी. मग लेकीला बोलावलं. तिला तळ दिसत नव्हता आणि ती घाबरली. तलावात ती माझ्याहून चांगली पोहते, पण तिथं तिचे डोळे फरशीवर असतात. मी तिच्या पाठीला डबे बांधले, दोर मामांच्या हातात दिला, आणि म्हटलं, समोरच्या करंजाकडं बघ, खाली बघू नकोस. दहा हात मारून ती माझ्यापर्यंत आली. परत गेली. तिसऱ्या फेरीला म्हणाली, डबे सोड. मासोळ्या पायांना टोचायला लागल्या तेव्हा ती एवढी हसली की मामांनी दोर ओढला, काय झालं म्हणून.

दुपारी धपाटे, दही, आणि मामींनी घरून आणलेली येसर आमटी. भर पोटी पाण्यात जायचं नाही म्हणून तासभर उंबराखाली आडवे झालो. पोरं त्या बेडकाशी खेळत होती.

तीन वाजता मामी खडकावर पाय पाण्यात सोडून बसल्या. या गावात सून म्हणून येऊन त्यांना तीस वर्षं झाली. या डोहावर त्यांनी किती धुणं धुतलं असेल. लेक त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "आजी, तुम्ही येता का? मी धरते." मामींनी मामांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. पिशवीत माझा जास्तीचा पंजाबी कुर्ता आणि पँट होती. करंजाच्या आड जाऊन त्या बदलून आल्या. तीन हात पाण्याच्या उजव्या कडेला, पाठीला चार डबे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला लेक. त्यांनी आधी माझा खांदा एवढा घट्ट धरला की वळ उठले. मग हळूहळू बोटं सैल झाली, पाय वर आले, आणि त्या पाठीवर तरंगल्या, आभाळाकडं बघत, काही न बोलता. मामा दोर धरून उभे होते.

पाच वाजायच्या आत निघालो. द्रोण, नारळाच्या शेंड्या, सगळं पिशवीत भरून परत आणलं. मामांनी निघताना दोर पायरीवरून पुन्हा एकदा सोडला आणि पाण्याच्या रेषेवर नवी गाठ मारली.

काल त्यांचा फोन आला होता. हरभऱ्याला पहिलं पाणी दिलं म्हणाले. गाठ दोन हात उघडी पडली आहे.