कानात हलगी, डोक्यावर वैशाख

मे महिन्यातलं नागपूर. सकाळी साडेसहालाच फुटाळ्याच्या रस्त्यावर पळताना अंग भाजत होतं. रोजची गाणी ऐकून कंटाळलो होतो, म्हणून आज कुस्तीच्या मैदानातली हलगी लावली. पाय आपोआप उचलले जायला लागले की राव! दम लागला होता, पण त्याचं काही वाटेना.

घड्याळात बघितलं तर हृदयाचे ठोके मात्र मिनिटाला १७० च्या वर. बरोबरच आहे म्हणा. उन्हात अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामातून पाणी जातं, मग त्याच वेगाला हृदयाला जास्त पळावं लागतं. हलगी त्यात काय करणार? ती फक्त थकव्याची जाणीव कमी करते. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कोस्टास काराजॉर्जिस वर्षानुवर्षं यावरच काम करतायत. त्यांचं म्हणणं, हलक्या-मध्यम व्यायामात संगीतामुळे श्रम साधारण १० टक्के कमी जाणवतात. पार छाती फुटेस्तोवर पळालात तर शरीराची ओरड गाण्याला गप्प करते.

थंडीत हे वरदानच. उन्हात मला जरा भीती वाटते, कारण ‘थांब’ म्हणणारा तो आवाजच तर तिथे कामाचा असतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या जत्रांत भर उन्हात हलगी कडाडते आणि पैलवान झुंजतात, त्यांचं रक्त वेगळंच!

मी आपला शेवटचा टप्पा चालत आलो. ठोके उतरेपर्यंत भीमसेनजींचे अभंग.

कुणाकडे हलगीचं चांगलं रेकॉर्डिंग असेल तर लिंक टाका रे.