मेसेज येतात, पण जात नाहीत: दिल्ली–पुणे विमानातल्या वायफायची एक केस

दिल्लीहून पुण्याला येणाऱ्या एका विमानाबद्दल आमच्या खराडीच्या मॉनिटरिंग रूममध्ये एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत होती: व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतात, पण जात नाहीत. निम्मा प्रवास सगळं सुरळीत, इंदूर मागे पडलं की अपलोड रखडायचं. लोहगावला रात्री थांबलेल्या विमानात ट्रान्समीटरचा बॉक्सही बदलून झाला होता. काही फरक पडला नाही.

त्या दिवशी मी जातानाचे आणि येतानाचे लॉग शेजारी लावले. रिसीव्ह सिग्नल सगळीकडे जवळपास सारखा. ट्रान्समिट पॉवर मात्र दक्षिणेकडे येताना टप्प्याटप्प्याने उतरत होती, आणि पुण्याहून दिल्लीला जाताना तशीच चढत होती. बॉक्स तापून बिघडत असता, तर दोन्ही वेळा प्रवासाच्या शेवटी बिघडला असता. म्हणजे दुखणं विमानाचं नव्हतं, अक्षांशाचं होतं.

विमानातलं हे वायफाय उपग्रहामार्फत चालतं. विमानाच्या पाठीवरच्या घुमटाने हवेला कमीत कमी अडवावं म्हणून आतली, उपग्रहाशी बोलणारी अँटेना बुटकी आणि रुंद करतात. तिचा बीम, म्हणजे तिने सोडलेल्या लहरींचा झोत, रुंदीच्या दिशेने बारीक, उंचीच्या दिशेने पसरट असतो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किमी उंचीवर एका कमानीत, बऱ्याच ठिकाणी दोन-तीन अंशांच्या अंतराने असतात. ही कमान अँटेनाला तिरकी दिसू लागली की पसरट बीम शेजारच्या उपग्रहावरही पडतो. त्याच्या सेवेत व्यत्यय येऊ नये म्हणून मोडेम आपणहून पॉवर कमी करतो. हे संरक्षण आहे. तक्रारी थांबवायच्या म्हणून ते बंद करणं सरळसरळ चूक ठरेल.

तिरकेपणाचा हिशोब सोपा आहे: उपग्रह आणि विमान यांच्या रेखांशातल्या फरकाचा साइन भागिले अक्षांशाचा टॅन, ही त्या कोनाची टॅन किंमत. आमचा उपग्रह 95 अंश पूर्वेला. दिल्लीवर कोन सुमारे 30 अंश येतो, पुण्यावर 47. विमान वळताना कलतं, तेव्हा त्यात आणखी भर पडू शकते.

उपाय जमिनीवरूनच झाला. 77 अंशांवरच्या उपग्रहासाठी पुण्यावरचा कोन जेमतेम 9 अंश. विमान 22 अंश अक्षांशाच्या खाली आलं की तो घ्यायचा आणि 24 च्या वर गेल्यावरच पहिल्याकडे परतायचं, असं उपग्रह निवडण्याचं टेबल बदललं. दोन्हीला एकच आकडा दिला असता, तर त्या रेषेजवळ वळणारं विमान सारखं इकडून तिकडे उड्या मारत राहिलं असतं, आणि प्रत्येक उडीत जोडणी तुटते. दुसऱ्या उपग्रहावर आमच्याकडे बँडविड्थ कमी, त्यामुळे डाउनलोड थोडं मंदावलं. मला तो सौदा रास्त वाटतो: ‘पोचतोय’ एवढा मेसेज तरी घरी जायलाच हवा.

अपलोडची वाट सगळ्या विमानात मिळून एकच असते, त्यामुळे प्रवाशांनी फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप बंद ठेवावा. आणि पाठवायचं ते उतरणीआधी पाठवावं. भारतीय नियमांनुसार 3,000 मीटरच्या खाली ही सेवा बंदच होते.