छपाईच्या दुकानातून वेबसाइटपर्यंत

चोपड्यात आमचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, गणपती-नवरात्रात फ्लेक्स. तुळशीची लग्नं लागली की आमचा हंगाम सुरू होतो आणि आषाढी एकादशीनंतर काम एकदम बसतं. त्या बसलेल्या महिन्यांत मी वेबसाइट बनवायला शिकले. कोरलड्रॉ या छपाईची मांडणी करायच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला होता, रंगांची जाण होती, अक्षरं जुळवायची सवय होती. त्यातलं काय कामाला आलं आणि काय पहिल्यापासून शिकावं लागलं, ते लिहिते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या तालुक्यांच्या गावांत माझ्यासारखे डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची अक्षरजुळणी, करणारे कितीतरी जण आहेत. त्यांच्यापैकी कोणी या वाटेने निघालं तर उपयोग व्हावा.

निमित्त घरातलंच होतं. माझ्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे आमच्या ताई, गल्लीतल्या बायकांना घेऊन उन्हाळ्यात वाळवणं करतात. तीळ-लसूण-तिखट घालून शिजवलेल्या ज्वारीच्या पिठाच्या बिबड्या, उडदाचे पापड, कुरडया, आणि बारमाही कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ. सुरत, पुणे, नाशिकला गेलेली आपली माणसं फोन करून मागवतात. ताईंनी प्रत्येकाला तोच भाव, तेच वजन, तीच माहिती सांगायची. गच्चीवर बिबड्या टाकताना हात पिठाचे आणि फोन वाजतोय. ही माहिती एका जागी असावी, कोणालाही उघडून वाचता यावी, एवढंच आमचं मागणं होतं.

सुरुवात एचटीएमएल आणि सीएसएस या वेबपानाच्या दोन भाषांपासून केली. ओढून-सोडून पान उभं करून देणाऱ्या सोयी पुष्कळ आहेत, पण मला पानाच्या आत काय असतं ते कळायला हवं होतं. एचटीएमएल सांगतं की हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हे चित्र. ते दिसावं कसं, हे सीएसएस सांगतं. छपाईत आपण अक्षर थेट मोठं करतो, लाल करतो, उचलून कोपऱ्यात ठेवतो. इथे आधी हे काय आहे ते ठरवायचं, रंगरूप मागाहून. ही शिस्त मला मनापासून आवडली. संदर्भासाठी फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं एमडीएन हे संकेतस्थळ सगळ्यांत भरवशाचं वाटलं. इंग्रजीत आहे, पण बरीचशी उदाहरणं तिथल्या तिथे बदलून पाहता येतात. हिंदीत व्हिडिओ भरपूर, मराठीत कमी. व्हिडिओ पाहताना सगळं समजतं, पण स्वतः टाइप केल्याशिवाय हातात येत नाही. आवडलेलं पान संगणकावर उघडून, राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट'मध्ये पाहायचं, तिथले आकडे बदलून काय होतं ते बघायचं, यातून मी सगळ्यांत जास्त शिकले.

सगळ्यांत मोठी अडचण अक्षरांची, आणि ती आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला येणारच. आमच्याकडे वर्षानुवर्षांचं काम जुन्या फॉन्टांत आहे. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट काढला की मागे नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं उरतात. वेबपानावर नेमकं तेच दिसतं. वेबला युनिकोड ही जगभरच्या लिप्यांची सामाईक पद्धतच लागते. त्यात देवनागरीला स्वतःची जागा आहे, प्रत्येक अक्षराचा स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो, शोधता येतो, कॉपी करता येतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण बदललेला मजकूर ओळन् ओळ वाचावाच लागतो. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. उलटापालट होताना 'वऱ्हाड', 'सुऱ्या' असे शब्द हमखास तुटतात. शेवटी मी भारतीय लिप्यांसाठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकून घेतला. तो विंडोजमध्ये असतोच, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजनं. पंधरवडाभर बोटं अडखळतात, मग सवय होते.

फॉन्ट म्हणून मी 'मुक्ता' घेतला. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचं काम आहे, मोफत आहे, आणि लहान आकारातही जोडाक्षरं स्वच्छ वाचता येतात. दोनच वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाड्या, ठेवली, साधं आणि ठळक. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल चांगलीच जड असते आणि प्रत्येक वजनाला वेगळी फाइल उतरवावी लागते. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सुरुवातीलाच सांगितलं. ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत त्यामुळे 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात, आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही भाषा कळते. इंग्रजी पानांसाठी लिहिलेले सल्ले आपल्याला जसेच्या तसे चालत नाहीत. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की आपली शिरोरेषा तुटते, म्हणून त्याला हात लावायचा नाही. ओळींमधलं अंतर मात्र सढळ हवं. वर मात्रा, खाली उकार. अक्षराच्या मापाच्या दीडपटीच्या खाली गेलं की ओळी एकमेकींत घुसतात. मी १.७ पट ठेवलं आणि पान वाचणाऱ्याच्या डोळ्यांना बरं वाटू लागलं.

छपाईवाल्याला दुसरी सवय सोडावी लागते ती कागदाच्या मापाची. पत्रिका किती इंचांची ते आपण ठरवतो, मग त्यात सगळं बसवतो. वेबपानाला माप नसतं. ते पुण्यातल्या मोठ्या पडद्यावर उघडेल आणि अडावदच्या शेतात हाताएवढ्या फोनवरही उघडेल, आणि दोन्हीकडे नीट वाचता आलं पाहिजे. म्हणून मी आधी फोनचं रूप केलं. एक रकाना, मोठं अक्षर, अंगठ्याने सहज दाबता येईल असं बटण. मोठ्या पडद्यासाठी रकाने नंतर वाढवले. यासाठी पानाच्या वरच्या भागात 'व्ह्यूपोर्ट'ची एक ओळ लागते. ती नसेल तर फोन पान संगणकाचं समजून बारीक करून दाखवतो आणि वाचणाऱ्याला चिमटीने मोठं करत बसावं लागतं.

संगणकावर फोनसारखं दाखवणारी सोय ब्राउझरमध्ये असते, तिथे नेटही मुद्दाम हळू करता येतं. तरी खरी परीक्षा खऱ्या फोनवर. पहिला मसुदा मी नात्यातल्या माणसांना पाठवला. सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्या आत्याबाईंचा फोन जुना, रेंज येऊन-जाऊन. त्यांनी सांगितलं, "पोरी, माले नुसतं पांढरं दिसी ऱ्हायनं." ते ऐकल्यावर मी ठरवलं की आत्याबाईंच्या फोनवर उघडलं तरच साइट झाली म्हणायचं. फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्याच अक्षरांत मजकूर दिसावा अशी सीएसएसमध्ये सोय आहे, ती लावली. पानाच्या वरच्या भागातली सरकत्या चित्रांची पट्टी काढून टाकली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत केलेल्या जगातल्या पहिल्या संकेतस्थळाची प्रत आजही पाहायला मिळते: नुसता मजकूर आणि दुवे. ती आजच्या कोणत्याही फोनवर पटकन उघडते. साधेपणाची ताकद मला तिथे दिसली.

फोटोंचं वजन हा त्यातला मोठा भाग. छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, लागतात, वेबला डीपीआयचा काही उपयोग नाही. मोजायचे ते पिक्सेल. मोबाइलने काढलेला बिबड्यांचा फोटो चार हजार पिक्सेल रुंद आणि तीन-चार एमबीचा होता. बाराशे पिक्सेल रुंद करून 'वेबपी' प्रकारात साठवला तर दीडशे केबीच्या आत बसला आणि डोळ्याला फरक कळेना. स्क्वूश नावाचं मोफत साधन ब्राउझरमध्येच हे करतं. छपाईच्या फाइलींतले फोटो सीएमवायके, म्हणजे शाईच्या रंगांतले, असतात, ते आधी आरजीबी, म्हणजे पडद्याच्या रंगांतले, करून घ्यायचे, नाहीतर बिबडी हिरवट दिसते. प्रत्येक फोटोला शब्दांत वर्णन दिलं. फोटो उतरला नाही तरी तिथे काय आहे ते वाचता येतं. फाइलींची नावं रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, मध्ये मोकळी जागा नाही. विंडोजवर मोठी-लहान अक्षरं एकच धरली जातात, साइट जिथे ठेवतात त्या लिनक्स सर्व्हरवर ती वेगळी नावं होतात, आणि घरी दिसणारं चित्र तिकडे दिसत नाही.

आता मालकीबद्दल, कारण माझं सगळ्यांत आग्रहाचं सांगणं इथे आहे. डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, हे सातबाऱ्यावरच्या नावासारखं. ते ज्याच्या नावावर आणि ज्याच्या ईमेलवर, साइट त्याची. धरणगावकडच्या एका बियाण्याच्या दुकानदाराची साइट एका मुलाने बनवून दिली होती, डोमेन मुलाच्याच नावावर. मुलगा नोकरीला बाहेरगावी गेला, मुदत संपली, साइट बंद. आणि नूतनीकरणाचा पासवर्ड दुकानदाराकडे नाही. बिलबुकांवर, दुकानाच्या पाटीवर तेच नाव छापलेलं. ही गोष्ट त्यांनी आमच्या दुकानात नवी बिलबुकं छापायला आल्यावर सांगितली. त्यामुळे ताईंचं डोमेन घेताना ताईंच्या नावाने, ताईंच्या ईमेलवर आणि ताईंच्या मोबाइल नंबरवर घेतलं. डॉट इन घेतलं. डॉट इनचा कारभार निक्सी ही भारतीय संस्था पाहते. विकत घेताना पहिल्या वर्षाचा भाव पाहू नका, नूतनीकरणाचा पाहा, तो बहुधा जास्त असतो. ईमेल पडताळणीचा दुवा आला की लगेच उघडा. डॉट कॉमसारख्या नावांना पंधरा दिवसांत पडताळणी झाली नाही तर डोमेन थांबवलं जातं. डॉट भारत २०१४ पासून मिळतं आणि देवनागरीत नाव लिहिता येतं. मोह झाला होता. पण आतून ते रोमन चिन्हांत बदलतं आणि काही ठिकाणी दुवा पाठवला की ती चिन्हंच दिसतात, म्हणून सध्या रोमन नावच ठेवलं.

होस्टिंग, म्हणजे साइटच्या फाइली ठेवायची इंटरनेटवरची जागा, वेगळं. सरावाची पानं मी गिटहब पेजेस या सेवेवर फुकट ठेवली होती. पण धंद्याची साइट फुकट चालवायला त्यांच्या नियमांत परवानगी नाही, म्हणून ताईंसाठी साधं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक साइटी असतात तसं, घेतलं. डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे नावावरून साइटची जागा सांगणारे संगणक, होस्टिंगकडे वळवले. बदल सगळीकडे पोचायला एक-दोन दिवस लागू शकतात. तोवर एकाला साइट दिसते, दुसऱ्याला नाही. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. साइट सुरक्षित उघडावी म्हणून लागणारं एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून मोफत मिळतं. त्याची मुदत थोडी असते, पण चांगलं होस्टिंग ते आपोआप नवं करतं.

मजकूर ताईंनी सांगितला, मी लिहिला. बिबडी कशी भाजायची, कशी तळायची, कळण्याच्या भाकरीचं पीठ किती गरम पाण्यात मळायचं. वजन, भाव, पार्सलचा खर्च एका तक्त्यात. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी हवी. तिचा चौदा आकडी क्रमांक पानाच्या तळाशी टाकला. पैसे भरायची सोय साइटवर ठेवलीच नाही. व्हॉट्सअॅपचं बटण आहे, दाबलं की ताईंशी थेट बोलणं सुरू होतं, पैसे यूपीआयवर. आमच्या गिऱ्हाइकाला ताईंशी दोन शब्द बोलूनच मागवायचं असतं.

गुगलमध्ये दिसण्यासाठी त्यांच्याच सर्च कन्सोल या मोफत सोयीत साइटची नोंद केली, सगळ्या पानांची यादी दिली आणि वाट पाहिली. तिथे लोक काय शोधत आले ते दिसतं. बरेच जण रोमन लिपीत शोधतात, कोणी एकवचनात, कोणी 'खान्देशी पापड' म्हणून. मग ती नावंही मजकुरात सहज बसतील अशी घातली. पहिल्या पानावर आणून देतो म्हणून फोन करणाऱ्यांना मी एक रुपयाही दिला नाही, आणि तुम्हीही देऊ नका.

आता बाहेरची कामं येऊ लागली आहेत. पहिलं एका केळीच्या रोपवाटिकेचं. तिथले मालक अण्णा, त्यांना भाव सांगताना मी डोमेन, होस्टिंग आणि माझी मजुरी हे तीन आकडे वेगवेगळे लिहून दिले, पहिले दोन त्यांच्याच खात्यातून भरायला लावले आणि सगळे पासवर्ड कागदावर लिहून त्यांच्या हातात दिले. वर्षाच्या देखभालीत काय येतं आणि काय नाही, तेही त्याच कागदावर.

या पावसाळ्यात वर्डप्रेस, म्हणजे कोड न लिहिता साइट सांभाळायचं साधन, शिकते आहे. ज्यांना मजकूर स्वतः बदलायचा असतो त्यांच्यासाठी ते सोयीचं आहे, आणि ताईंनाही तेच हवं आहे. सध्या उडदाचा भाव वाढला की त्या मला हाक मारतात, आणि मी फाइल उघडून तक्त्यातला आकडा बदलते.